डोंगरावरची उतारशाळा

लूकच्या शुभवर्तमानातली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट चर्चची पायरी कधी न चढलेल्यांनाही माहीत असते. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर लुटारू एका माणसाला अर्धमेला करून टाकून जातात. एक याजक त्याला बघून वाटेच्या पलीकडून निघून जातो. मागून येणारा लेवीही तेच करतो. थांबतो तो एक शोमरोनी, यहुद्यांना ज्याची संगतही नको असायची असा. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो. दुसऱ्या दिवशी निघताना तिथल्या मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवतो, म्हणजे मजुराची दोन दिवसांची कमाई, आणि खर्च जास्त झाला तर परत येताना चुकता करीन असं सांगतो.

दोन हजार वर्षं प्रवचनं झाली ती शोमरोन्यावर. मला मात्र त्या उतारशाळेच्या मालकाचं नवल वाटत आलं आहे. त्याच्या दारात अचानक एक रक्तबंबाळ अनोळखी माणूस आणला जातो. आणणारा परका. लुटारू अजून त्याच वाटेवर मोकळे. शोमरोन्याची कसोटी एका दिवसाची होती. मालकाला त्या माणसाला भरवायचं होतं, त्याचे कपडे बदलायचे होते, रात्री तो कण्हला की उठायचं होतं, आणि हे सगळं तो चालू लागेपर्यंत. गोष्टीत त्याला नाव नाही, तोंडी एक वाक्य नाही. तो हो म्हणाला का, हेही लूक सांगत नाही.

फ्रान्समधल्या एका डोंगराळ गावानं चार वर्षं हो म्हटलं. त्या गावाचं नाव ल शांबों-स्युर-लिन्यों.

फ्रान्सच्या मध्य-दक्षिण भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीच्या पठारावर हे गाव आहे. आसपास पाइनची रानं, बटाट्याची आणि राय धान्याची शेतं, दुभती जनावरं, करड्या दगडाची विखुरलेली घरं. हिवाळा लांब आणि कडक, बर्फ उडवणाऱ्या वाऱ्याला तिथले लोक ‘ब्यूर्ल’ म्हणतात. युद्धाच्या काळात गाव आणि भोवतालची शेतघरं मिळून तीनेक हजार माणसं राहत असतील. फ्रान्स कॅथलिक देश, पण या पठारावरचे बहुतेक शेतकरी प्रॉटेस्टंट, ह्युगेनॉट.

ह्युगेनॉटांचा इतिहास ठाऊक नसेल तर पुढचं सगळं चमत्कारासारखं वाटेल. १५९८ मध्ये नांतच्या फर्मानानं त्यांना उपासनेचं स्वातंत्र्य मिळालं. १६८५ मध्ये चौदाव्या लुईनं ते काढून घेतलं. मग शंभर वर्षं त्यांची मंदिरं पाडली गेली, पाळकांना देशोधडीला लावलं गेलं किंवा फासावर चढवलं गेलं, पुरुषांना गलबतांवर वल्ही मारायला धाडलं गेलं. उपासना व्हायची ती रानात, दऱ्यांत, रात्री. मारी द्युराँ नावाच्या बाईला १७३० मध्ये एग-मोर्तच्या बुरुजात कोंडलं, ती १७६८ मध्ये, अडतीस वर्षांनी बाहेर आली. धर्म सोडते असं म्हणाली असती तर आधीच सुटली असती. १७८७ मध्ये राजानं पुन्हा सवलती दिल्या, पण तोवर ल शांबोंच्या पठारावरच्या घराघरांत दोन गोष्टी मुरल्या होत्या. एक, बायबल घरातच वाचायचं, कारण वाचून दाखवणारा पाळक असेलच याची खात्री नाही. दुसरी, पाठलाग होत असलेला माणूस दारात आला तर दार उघडायचं.

१९३४ मध्ये तिथं नवा पाळक आला, आंद्रे त्रोक्मे. वय तेहतीस, उंच, आवाज मोठा, रागीटही. बापाकडून फ्रेंच, आईकडून जर्मन. पहिल्या महायुद्धात त्याचं सँ-काँतँ हे गाव जर्मनांच्या ताब्यात होतं. तिथं या पोरसवद्या आंद्रेला एक जर्मन सैनिक भेटला, जो येशूच्या शिकवणीमुळे हत्यार बाळगत नव्हता. त्या भेटीनं हा मुलगा जन्मभराचा अहिंसावादी झाला. न्यूयॉर्कला शिकत असताना त्याला फ्लॉरेन्सची माग्दा ग्रिली भेटली आणि १९२६ मध्ये दोघांनी लग्न केलं. युद्धाला ठाम विरोध करणारा पाळक मोठ्या शहरातल्या मंडळ्यांना नको होता, म्हणून त्याच्या वाट्याला हे आडबाजूचं गाव आलं. त्याच्या जोडीला आला एदुआर तेस, शांत, अबोल, त्याच विचारांचा. दोघांनी १९३८ मध्ये गावात एक माध्यमिक शाळा काढली, पहिल्या वर्षी अठरा मुलं होती.

पण ज्या गोष्टीनं मला खरोखर थक्क केलं ती शाळा नव्हे, आणि पुढं प्रसिद्ध झालेलं १९४० चं प्रवचनही नव्हे. ती आहे त्रोक्मेंची बायबल अभ्यासाची पद्धत. त्यांनी मंडळीतली तेरा माणसं निवडली. दर पंधरा दिवसांनी ही माणसं पाळकाच्या घरी जमत, एक शास्त्रभाग घेत, त्यावर बोलत, भांडत, आणि मग आपापल्या वस्तीत जाऊन तिथल्या लहान गटात तोच भाग पुन्हा चर्चेला घेत. अहमदनगर-सोलापूरकडच्या मंडळ्यांत घरोघरच्या प्रार्थनासभा असतात, तसंच काहीसं. वेगळेपण प्रश्नात होतं. हा भाग आपल्या वस्तीत, या परिस्थितीत काय करायला सांगतो, याचं उत्तर गटानं स्वतः शोधायचं. पाळकानं ते तयार करून द्यायचं नाही. आपल्याला अडचणींतून वाटा सापडल्या त्या याच लहान गटांत, असं त्रोक्मेंनी नंतर नोंदवून ठेवलं आहे.

आता याकडे दुसऱ्या बाजूनं पाहा. तेरा वस्त्या, तेरा विश्वासू माणसं, नियमित भेटीगाठींचं निमित्त, एका गटाला दुसऱ्या गटात काय चाललंय ते ठाऊक असण्याची गरज नाही. एखाद्या गुप्त संघटनेला जी बांधणी करायला वर्षं लागली असती ती इथं आयती उभी होती, आणि उभी करताना कुणाच्या मनात गुप्ततेचा विचारही नव्हता. पर्वतावरच्या प्रवचनाचा अर्थ लावायला जमणारी माणसंच पुढं माणसं लपवू लागली. प्रार्थनासभेच्या त्याच वाटेनं निरोप जाऊ लागले.

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. २२ तारखेला शरणागतीचा करार झाला, २३ ला रविवार होता. उपासनेत त्रोक्मे आणि तेस यांनी सांगितलं की आपल्या विवेकाविरुद्ध जुलूम झाला तर ख्रिस्ती माणसानं आत्म्याच्या शस्त्रांनी प्रतिकार करायचा, न भिता, पण गर्वाशिवाय आणि द्वेषाशिवाय. ज्या मंदिरात हे बोललं गेलं त्याच्या दारावर, येशूनं शेवटच्या रात्री शिष्यांना दिलेली परस्परप्रेमाची आज्ञा दगडात कोरलेली आहे.

ऑक्टोबरमध्ये, शरणागतीनंतर सत्तेवर आलेल्या मार्शल पेतँच्या व्हिशी सरकारनं यहुद्यांविरुद्ध कायदे केले. परदेशी यहुद्यांना छावण्यांत डांबण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना मिळाला. त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी पाळकाच्या घराचं दार वाजलं. बाहेर बर्फात एक जर्मन यहुदी बाई उभी, पायात भिजलेले जोडे. आत येऊ का, असं तिनं विचारलं. माग्दा म्हणाली, या ना. तिला चुलीपाशी बसवलं, जेवू घातलं, तिचे जोडे वाळत ठेवले आणि माग्दा गावच्या मेयरकडे गेली. बाईला काही कागदपत्रं मिळतील अशी तिची भाबडी आशा होती. मेयर संतापला. एका परकीसाठी सगळं गाव धोक्यात घालणार का, उद्या सकाळी तिला बाहेर काढा. माग्दा घरी आली तर चुलीजवळचे जोडे जळून गेलेले. तेव्हा चामड्याचे जोडे सहजी मिळत नव्हते. ती घरोघर हिंडली आणि एक जोड मिळवलाच. पण ती बाई दुसऱ्या दिवशी गेली, आणि तिला जाऊ दिल्याची बोच माग्दाच्या मनातून नंतर कित्येक वर्षं गेली नाही. त्या दिवशी तिला एवढं कळलं की अधिकाऱ्यांना विचारायचंच नसतं. पुढं गावात कुणी विचारलं नाही.

त्याच सुमारास त्रोक्मे मार्सेला गेले. तिथं अमेरिकन क्वेकर लोक छावण्यांत अन्नवस्त्र पोचवत होते. मला छावणीत कामाला घ्या, असं त्रोक्मेंनी त्यांच्या बर्न्स चाल्मर्स या कार्यकर्त्याला सांगितलं. चाल्मर्सनं त्यांना वेगळंच सुचवलं. छावण्यांत काम करणारे आमच्याकडे आहेत, तो म्हणाला. काही माणसांना, विशेषतः मुलांना, बाहेर काढणंही आम्हाला जमतं. पण बाहेर काढल्यावर ठेवायचं कुठं? कुठलंच गाव घ्यायला तयार नाही. तुमचं गाव घेईल का? पैसे आम्ही देऊ.

हे वाचताना मी थबकलो. शोमरोनी, जखमी, दोन दिनार, आणि दारात उभं राहून मालकाला केलेली विचारणा. लूकची गोष्ट जिथं थांबते, तिथंच हे गाव उभं होतं.

आणि ते खरोखरच उतारशाळांचं गाव होतं. १८९३ मध्ये सँत-एतियेनच्या लुई कोंत या पाळकानं खाणकामगारांच्या अशक्त मुलांना डोंगरावरच्या हवेसाठी पाठवायला सुरुवात केली होती. तेव्हापासून पठारावरची शेतघरं उन्हाळ्यात परक्यांची मुलं ठेवून घेत आली होती. गावात लहान हॉटेलं होती, खानावळी होत्या. शेतकरणीला आपल्या चारांत दोन अनोळखी मुलं वाढवायची सवय होती. दिनार घेऊन ठेवून घेणं हा तिचा चरितार्थच होता. शुभवर्तमानानं तिला नवं काही शिकवलं असेल तर इतकंच की उन्हाळा संपला तरी दार लावायचं नाही, आणि पैसे थांबले तरी मुलाला परत पाठवायचं नाही. क्वेकर, स्विस मदतसंस्था, फ्रेंच प्रॉटेस्टंटांची सिमाद ही संघटना आणि इतर काहींच्या मदतीनं गावात मुलांची वसतिगृहं उभी राहिली. ग्यूर्स आणि रिव्हसाल्तच्या छावण्यांतून आलेली मुलं स्थानिक मुलांशेजारी बाकावर बसू लागली.

त्रोक्मेंच्या डोक्यात जुन्या करारातली शरणपुरं होती, पाठलाग होणाऱ्याला जिथं हात लावायचा नाही अशी नगरं. नाशिककरांना हे नाव परकं नाही. तिथलं शरणपूर मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात वसवलं, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तिथं आसरा मिळाला होता.

१० ऑगस्ट १९४२ रोजी व्हिशीचा युवकमंत्री जॉर्ज लामिराँ गावात आला. जुलैतच पॅरिसमध्ये पोलिसांनी सुमारे तेरा हजार यहुदी पकडले होते, त्यांत चार हजारांवर मुलं. मंत्र्याचं स्वागत जेमतेम झालं. उपासनेनंतर शाळेच्या मोठ्या विद्यार्थ्यांनी त्याच्या हातात एक पत्र दिलं. पॅरिसमध्ये काय झालं ते आम्हाला कळलं आहे, असं त्यात होतं. आमच्यात यहुदी आहेत, पण आम्ही तसा भेद करत नाही, कारण तो शुभवर्तमानाच्या शिकवणीविरुद्ध आहे. त्यांना न्यायचा हुकूम आला तर ते हुकूम मोडतील आणि आम्ही त्यांना लपवू. मंत्र्यानं ते जिल्हाधिकारी रोबेर बाककडे ढकललं, बाक भडकला. त्रोक्मेंचं उत्तर असं की यहुदी म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक नाही, आम्हाला फक्त माणसं ठाऊक आहेत.

इथं शोमरोन्याच्या गोष्टीचा मूळ प्रश्न आठवावा. शास्त्री येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? म्हणजे प्रेम कुणापर्यंत करायचं आणि कुठं थांबायचं, तेवढं सांग. येशू उत्तरादाखल गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्नच उलटवतो: त्या जखमीचा शेजारी कोण झाला? यादी करायची सोयच ठेवत नाही. सरकार याद्या मागत होतं, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं तो उलटलेला प्रश्न स्वयंपाकघरात बसून चघळला होता त्यांना यादी करणं सुचतच नव्हतं.

महिना संपायच्या आत पोलिसांच्या बसगाड्या आल्या. काही आठवडे त्यांनी घरं, गोठे, रानं पिंजून काढली. मुलं आधीच आतल्या शेतघरांत आणि रानात गेलेली. गस्त परतली की कुणीतरी रानाच्या कडेला जाऊन गाणं म्हणायचं, ते ऐकून मुलं बाहेर यायची. एक माणूस मात्र सापडला. त्याला एकट्याला मोठ्या बसमध्ये बसवून ठेवलं. त्रोक्मेंचा मुलगा गेला आणि खिडकीतून त्यानं आपल्याजवळचा चॉकलेटचा तुकडा आत दिला. मग गावकरी येऊ लागले, आणि बघता बघता त्या माणसाशेजारी खाण्यापिण्याच्या वस्तूंचा ढीग लागला. तो नंतर सुटला.

पाळकाच्या घरचा फोन अधूनमधून वाजायचा. उद्या काहीतरी होणार एवढंच सांगून पलीकडचा माणूस ठेवून द्यायचा. निरोप तेरा वाटांनी जायचा. ओस्कार रोसोव्स्की नावाचा अठरा वर्षांचा यहुदी मुलगा खोटी ओळखपत्रं बनवायचा. त्याचं सामान एका शेतकऱ्याच्या मधमाश्यांच्या पेट्यांत लपवलेलं असे. कोण कुणाकडे आहे हे शेजाऱ्याला ठाऊक असे आणि नसेही. गावात एक अलिखित रीतच पडली की विचारायचं नाही. १९४३ मध्ये जखमी जर्मन सैनिक विश्रांतीसाठी गावातल्या हॉटेलात ठेवले गेले, मुलांच्या वसतिगृहापासून हाकेच्या अंतरावर, तेव्हाही ती रीत मोडली नाही.

हे सगळं सोपं, स्वच्छ होतं असं मी म्हणणार नाही. खोटं बोलू नये हीही आज्ञा आहे, आणि गावात रोज खोटे कागद बनत होते. मुलाला वाचवायचं तर त्याचं नाव बदलावंच लागतं, हे माग्दानं फार विचार न करता स्वीकारलं. आंद्रेंना ते सलत राहिलं. पुढं ते स्वतः लपून राहत असताना ल्योंच्या स्टेशनवर जर्मनांच्या तावडीत सापडले, खिशात दुसऱ्याच नावाचे कागद. विचारलंच तर खरं नाव सांगायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. कुणी विचारायच्या आत ते गर्दीत निसटले. एकाच घरात, एकाच चुलीपाशी, शुभवर्तमानाचे असे दोन अर्थ नांदत होते. मला ते दोन्ही खरे वाटतात.

१३ फेब्रुवारी १९४३ च्या संध्याकाळी दोन पोलीस अधिकारी त्रोक्मेंना अटक करायला आले. ते घरी नव्हते. अधिकारी वाट बघत बसले. जेवणाची वेळ झाली तशी माग्दानं त्यांना पानावर बसवलं. नवऱ्याला न्यायला आलेल्यांना वाढलंत कसं, असं लोक तिला नंतर विचारत. जेवायची वेळ झाली होती, यापलीकडे तिला उत्तर सुचत नसे. बातमी पसरली आणि गावकरी रांगेनं आले. मेणबत्ती, सार्डिनचा डबा, सॉसेज, आणि शौचाच्या कागदाची एक गुंडाळी. तुरुंगात तिचा उपयोग होताच. पण त्रोक्मेंनी ती नंतर उलगडली तेव्हा तिच्यावर पेन्सिलीनं लिहिलेली बायबलची वचनं निघाली. त्रोक्मे, तेस आणि गावच्या शाळेचे मुख्याध्यापक रोजे दार्सिसाक यांना लिमोजजवळच्या छावणीत ठेवलं. महिन्याभरानं सुटकेचा कागद पुढं आला. मार्शलचे हुकूम पाळीन असं त्यात होतं. दोन्ही पाळकांनी सही नाकारली. दुसऱ्या दिवशी त्यांना तसंच सोडून दिलं.

सगळे वाचले नाहीत. २९ जून १९४३ ला गेस्टापोनं मेजों दे रोश या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावर धाड घातली. तिथला प्रमुख दानिएल त्रोक्मे, आंद्रेंचा चुलत नात्यातला भाऊ, तेव्हा दुसऱ्या वसतिगृहात होता. पळून जा म्हणून त्याला सांगितलं गेलं. तो आपल्या मुलांकडे गेला. अठरा विद्यार्थ्यांबरोबर त्यालाही नेलं, आणि एप्रिल १९४४ मध्ये मायदानेकच्या छावणीत तो मेला. त्या सकाळी पकडलेल्यांत एक स्पॅनिश विद्यार्थी होता. त्यानं काही दिवसांपूर्वी लिन्यों नदीत बुडणाऱ्या एका जर्मन सैनिकाला ओढून बाहेर काढलं होतं. माग्दा धावत जर्मनांच्या हॉटेलात गेली, अधिकाऱ्यांना साक्ष द्यायला घेऊन आली, आणि तो मुलगा सुटला. गावचे डॉक्टर रोजे ल फोरेस्तिए यांना ऑगस्ट १९४४ मध्ये, मुक्ती दाराशी आली असताना, ल्योंजवळ गोळ्या घातल्या गेल्या.

या पठारावर एकूण किती जणांना आसरा मिळाला? तीन हजारांपासून पाच हजारांपर्यंत आकडे सांगितले जातात आणि अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. श्रेय कुणाचं किती, यावरही वाद आहेत, आणि ते असावेत. आजूबाजूच्या गावांतले पाळक होते, कॅथलिक कुटुंबं होती, डार्बीपंथीय शेतकरी होते, जे जुन्या करारातल्या लोकांना देवाची प्रजा मानत आणि म्हणून दारात आलेल्या यहुद्याला पाहुण्याचा मान देत. स्वतः यहुदी तरुणांनी जिवावर उदार होऊन मुलं स्वित्झर्लंडच्या सीमेपार नेली. त्रोक्मे पती-पत्नींभोवतीच सगळी कथा गुंफली तर ही माणसं पुन्हा उतारशाळेच्या मालकासारखी निनावी होतात. १९९० मध्ये जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारक-संस्थेनं ल शांबों आणि शेजारच्या गावांचा एकत्रित गौरव केला, एखाद्या माणसाऐवजी अख्ख्या परिसराचा. ते मला योग्य वाटतं.

युद्धानंतर संशोधक आणि पत्रकार आले तेव्हा गावकरी गोंधळले. प्येर सोवाज हा दिग्दर्शक, जो १९४४ मध्ये याच गावात आसऱ्याला आलेल्या यहुदी आईबापांच्या पोटी जन्मला, कॅमेरा घेऊन परत आला. म्हाताऱ्या शेतकरणींना तो विचारत राहिला, का केलंत, आणि त्यांना त्यात सांगण्याजोगं काही दिसत नव्हतं. याला विनय म्हणणं पुरेसं नाही, असं मला वाटतं. एकच प्रश्न पंधरा-पंधरा दिवसांनी, वर्षानुवर्षं सोडवला की प्रत्यक्ष दार वाजतं तेव्हा ठरवण्यासारखं काही उरलेलं नसतं.

फ्रान्सच्या मुक्तीनंतर एक शास्त्रभाग राहिला होता, शत्रूवर प्रेम करा हा. पठाराजवळ आता जर्मन युद्धकैदी ठेवले होते. त्रोक्मे रविवारी सकाळी मंदिरात फ्रेंचमध्ये प्रवचन करत आणि दुपारी कैद्यांच्या छावणीत जाऊन तेच प्रवचन आपल्या आईच्या भाषेत, जर्मनमध्ये करत. ज्यांची माणसं नुकतीच मारली गेली होती अशा कित्येकांना ते सहन झालं नाही, आणि त्यांनी तसं तोंडावर सांगितलं. त्रोक्मे जात राहिले.